मे महिन्यात डोहात पाणी टिकतं कसं

मागच्या मे महिन्यात बीडहून पाटोद्यामार्गे सौताड्याला गेलो. गाडी आपलीच, सोबत मावसभाऊ, डिक्कीत पाण्याचा 20 लिटरचा जार आणि हवा चेक केलेली स्टेपनी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी नांगरून टाकलेली काळी रानं, एक गावतलाव तर पार भेगाळलेला, सौताड्याचा धबधबाही बंद. पण दरीत रामेश्वराच्या देवळाकडे उतरलो, तिथून ओढ्या-ओढ्यानं पुढं चालत गेलो, तर एका वळणावर कड्याच्या सावलीत हिरवंगार पाणी, सहज कमरेच्या वर असेल. वरचा तलाव कोरडा ठाक आणि ह्या खबदाडात पाणी, हे कसं काय?

उत्तर आधी कड्यात आहे. आपला मराठवाडा लाव्हाच्या थरांवर बसलाय, साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी एकावर एक ओतले गेलेले. मधे खंड पडला की वरचा थर ऊनपावसात कुजून त्याची माती व्हायची आणि तिच्यावर पुढचा तापलेला लाव्हा आला की ती दबून, भाजून विटकरी लाल पडायची. म्हणून कड्यात काळा पाषाण, मधे लाल पट्टा, परत काळा असं दिसतं. अजिंठ्याला लेणापूरच्या बाजूनं व्ह्यू पॉइंटला गाडी लावून खाली बघा, वाघोरा नदीनं घोड्याच्या नालेसारखं जे वळण कापलंय त्यात हे थर मोजता येतात. कडक थर टिकतो, त्याच्या खालचा ठिसूळ थर पाण्याच्या माऱ्यानं झिजतो, मग वरचा अधांतरी राहून ढासळतो आणि धबधबा तेवढा मागं सरकतो. असं हजारो वर्षं होत राहिलं की मागं घळ उरते, आणि पाणी जिथं आदळतं तिथं खोल कुंड. वाघोरेची अशी सात कुंडं आहेत, सप्तकुंडच म्हणतात.

काळ्या पाषाणाला उभ्या भेगा असतात, पावसाचं पाणी त्यातून मुरत खाली जातं, पण लाल थर चिकणमातीसारखा, तो पाणी खाली जाऊ देत नाही. मग ते आडवं सरकत कड्याच्या तोंडाशी पाझरतं. आम्ही बघितलेल्या डोहाच्या वर हातभर अंतरावर असाच लाल पट्टा होता, बोट लावलं तर ओला, आणि त्यावर ओळीनं मधमाश्या बसलेल्या. पोळं थंड ठेवायला त्या पाणी नेतात, भर उन्हाळ्यात पाझर कुठं आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसावं!

पण नुसत्या पाझरानं भागत नाही, खरा खेळ आकाराचा आहे. आपल्याकडं मे महिन्यात उघड्या पाण्यातून रोज साधारण 1 सेंटीमीटर पाणी उडून जातं. 100 दिवसांत 1 मीटर. म्हणजे पसरट तलावात मीटरभर पाणी असेल तर ते कुणी न उपसता पण संपणार, मग तलाव कितीही मोठा असो. तेच पाणी अरुंद आणि खोल जागेत असलं, ऊन दिवसातून तासभरच लागत असलं, वारा अडलेला असला, तर पुरून उरतं. म्हणूनच बोअरचं पाणी उपसून उघड्या शेततळ्यात भरतात तेव्हा मला वाईट वाटतं, जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी आपण वर आणून उन्हात ठेवतो. जुन्या बारवा खोल बांधलेल्या असतात, तिथं ऊन तळापर्यंत फार वेळ पोचत नाही.

डोहाच्या पुढं वाळूत एक आजी झिरा उकरून वाटीनं घागर भरत होत्या. मी म्हटलं, आजी, एवढा डोह आहे की शेजारी. "ते गुरांचं हाय बाबा, प्यायाचं हे." वाळूत पाणी दीड-दोन फूट खाली गेलं की त्याचं उडणं जवळपास थांबतं, शिवाय वाळूतून गाळूनही येतं. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटातली फिंक नदी अशीच, बहुतेक वेळ नुसती कोरडी वाळू आणि मधे मधे डोह, पण वाळूखाली पाणी असतं.

पावसाळ्यात जाणार असाल तर एक हिशोब लक्षात ठेवा. छोट्या गाडीचं वजन 900 किलो धरा, तळ साधारण 6 चौरस मीटर. तळाच्या वर 15 सेंटीमीटर पाणी चढलं की 900 लिटर पाणी बाजूला सारलं जातं, म्हणजे गाडी तरंगायला लागते. जमिनीपासून तळाची उंची धरली तर फरशी पुलावर फूटभर वाहतं पाणी बास आहे. आणि खडकाळ माथ्यावर पाणी मुरत नाही, वर कुठंतरी पाऊस झाला की खाली लख्ख ऊन असताना पण लोंढा येतो. तेव्हा घळीत उतरूच नका, गाडी पाण्यात घालू नका. उन्हाळ्यात सुद्धा दिवस मावळायच्या आत डोहापासून लांब व्हा, तेव्हा जनावरांची पाण्यावर यायची वेळ असते.

निघताना मावसभावानं पाण्याच्या कडेला दगडावर खिळ्यानं खूण केली होती. वीस दिवसांनी तो परत गेला, तोवर पाऊस नव्हता. उघड्यावर वीतभर तरी पाणी उतरलं असतं, तिथं चारच बोटं उतरलं होतं.