मानवी बॉम्ब आणि फिदायीन: मरायला निघालेल्या दोघांच्या प्रेरणांत फरक काय?

श्रीपेरुंबुदूरला २१ मे १९९१ च्या रात्री राजीव गांधींच्या पायाशी वाकून अंगावरचा बॉम्ब उडवणारी धनू आणि २६ नोव्हेंबर २००८ ला समुद्रमार्गे मुंबईत उतरलेले दहा जण, या सगळ्यांना बातम्यांमध्ये सर्रास ‘आत्मघाती हल्लेखोर’ म्हटलं जातं. मग ही माणसं असं का करतात, या प्रश्नालाही एकच उत्तर शोधलं जातं: गरिबी, ब्रेनवॉशिंग, नाहीतर धर्म. हे प्रकार दोन आहेत. एकाची कारणं दुसऱ्याला लावली की दोन्हीकडे निदान चुकतं.

ओळखायची खूण सोपी आहे. हल्लेखोर मेला नाही तर हल्ला होतो का? धनूच्या बाबतीत होत नाही, कारण तिचं मरण हेच हत्यार होतं. फिदायीन मात्र बंदूक घेऊन आत शिरतो, जमेल तितका वेळ माणसं मारतो आणि शेवटी समोरच्याच्या गोळीने मरतो. त्याचं मरण जवळपास ठरलेलं असतं, पण हल्ला त्याच्यावर अडलेला नसतो. मुंबईत हे साठेक तास चाललं. नऊ जण मारले गेले. दहावा, अजमल कसाब, जिवंत हाती लागला तो गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी स्वतःचा जीव देऊन त्याची बंदूक धरून ठेवली म्हणून.

मानवी बॉम्बचं तंत्र आपल्या शेजारी सगळ्यात पद्धतशीरपणे राबवलं ते श्रीलंकेत वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या लिट्टे या संघटनेने. धनूही तिचीच. ५ जुलै १९८७ रोजी ‘कॅप्टन मिलर’ने जाफनाजवळच्या नेल्लियाडीत लष्करी तळ झालेल्या शाळेवर स्फोटकांनी भरलेला ट्रक घातला. तिथून ‘ब्लॅक टायगर’ तुकडीची परंपरा सुरू झाली. रस्त्यावरचा कुणी मुलगा उचलून या तुकडीत घेत नसत. आधीपासून लढणारे तरुण-तरुणी लिट्टेचा प्रमुख प्रभाकरन याला पत्र लिहून आपली निवड व्हावी अशी विनंती करत, आणि त्यातून थोडेच निवडले जात. मोहिमेवर जाण्याआधी नेत्याबरोबर शेवटचं जेवण असे. मुळात लिट्टेच्या साध्या सैनिकाच्याही गळ्यात सायनाइडची कुपी असायची, म्हणजे पकडलं जाण्यापेक्षा मरण बरं हे भरतीच्या दिवसापासून अंगवळणी पडलेलं. अशा माणसाला ब्लॅक टायगर होणं ही एकदम मारलेली उडी वाटत नाही. त्याच जिन्याची ती पुढची पायरी असते.

त्यांना जिन्यावर कशाने आणलं? जुलै १९८३ च्या तमिळविरोधी दंगली, जळलेली घरं, मारले गेलेले भाऊ आणि लष्कराचा रोजचा जाच. पुढे १९८७ ते १९९० या काळात आलेल्या भारतीय शांतिसेनेबद्दलचा राग. स्वर्गाचं आमिष लिट्टेच्या शिकवणीत नव्हतं. संघटना राष्ट्रवादी होती, तिच्यातली माणसं बहुतेक हिंदू घरांतली, काही ख्रिस्ती. शिकागो विद्यापीठातल्या एका गाजलेल्या अभ्यासाने १९८० ते २००३ मधले ३१५ आत्मघाती हल्ले मोजले. त्यातले ७६ एकट्या लिट्टेचे निघाले. धर्म हेच मूळ कारण मानणाऱ्यांनी या आकड्यापाशी थांबायला हवं. अशा हल्ल्यांमागे बहुतेकदा परकी फौज असते, असं म्हणणाऱ्या त्या अभ्यासातही एक खोट आहेच: त्याने झालेले हल्लेच पाहिले. परकी फौज असूनही असे हल्ले झाले नाहीत अशा जागा बाजूला राहिल्या, त्यामुळे ‘परकी फौज आली की मानवी बॉम्ब येतात’ असं सूत्र त्यातून काढता येत नाही.

कीर्तीचा मुद्दा थोडा गुंतागुंतीचा आहे. मेलेल्या सैनिकांसाठी लिट्टेने खास दफनभूमी उभारल्या. हिंदू घरातल्या मुलांनाही तिथे पुरत, २७ नोव्हेंबरला दिवे लावत. हा मान मोठा होता. पण कोलंबोत जाऊन मरणाऱ्याच्या वाट्याला तो उघडपणे येत नसे. १ मे १९९३ ला राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांना मारणाऱ्याने त्यांच्या घरातल्या माणसांशी दीर्घकाळ ओळख वाढवली होती, आणि त्या हत्येची जबाबदारी लिट्टेने कधी घेतली नाही. म्हणजे फोटो आणि नाव एवढ्यासाठीच कुणी जातो असं म्हणता येत नाही. आपल्या तुकडीच्या नजरेत आपण काय आहोत, हे तिथे जास्त मोलाचं होतं.

आता मुंबईवर हल्ला करणाऱ्या लष्कर-ए-तोयबाकडे (पुढे नुसतं ‘लष्कर’) पाहू. ही पाकिस्तानातली संघटना. कारगिलचं युद्ध संपत असताना, जुलै १९९९ मध्ये बांदीपोऱ्यात सीमा सुरक्षा दलाच्या तळावर हल्ला झाला आणि काश्मीरमध्ये फिदायीन हल्ल्यांचा काळ सुरू झाला. लष्करचा पंथ आत्महत्या निषिद्ध मानतो. म्हणून स्वतःच्या हाताने मरायचं नाही, लढता लढता मारलं जायचं, अशी मांडणी संघटना करते. मुलाच्या मनातली अडचणही तीच मांडणी दूर करते. परत येण्याची शक्यता नावापुरती शिल्लक ठेवलेली असते.

इथली भरती वेगळ्या मातीतून होते. लष्करच्या मारल्या गेलेल्या नऊशेहून अधिक जणांची चरित्रं अमेरिकी अभ्यासकांनी २०१३ मध्ये तपासली. बहुतेक पाकिस्तानी पंजाबातले होते. संघटनेत येताना सरासरी वय सतराच्या आसपास, मरताना एकवीस. शालेय शिक्षण तिथल्या सरासरी पुरुषापेक्षा जास्त. म्हणजे काश्मीरमधला जाच त्यांनी स्वतः भोगलेला नव्हता, तो त्यांना सांगितला, दाखवला गेला होता. ओढून आणणारे बहुतेकदा जवळचेच: नातेवाईक, मित्र, आधीच संघटनेत असलेले. कसाब ओकारा जिल्ह्यातल्या फरीदकोटचा, मजुरी करणारा. त्याच्या जबानीनुसार आधी २१ दिवसांचा धार्मिक वर्ग, मग २१ दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, मग काही महिन्यांचं खास प्रशिक्षण. प्रत्येक टप्प्यावर चाळण, आणि प्रत्येक टप्प्यावर घर थोडं लांब जातं.

मानवी बॉम्बला एका क्षणापुरतं पक्कं राहावं लागतं. फिदायीनला कित्येक तास पक्कं राहावं लागतं, आणि तिथेच मन डळमळतं. ताजमधले हल्लेखोर मोठमोठे कॉम्प्युटर स्क्रीन पाहून हरखून गेले होते आणि फोनवरचा सूत्रधार आग लावली का, म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होता, हे ध्वनिमुद्रित आहे. ओबेरॉयमध्ये उरलेल्याला तर तू मारला गेल्याशिवाय मोहीम पूर्ण होणार नाही, असं बजावलं गेलं. हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने शिकागोच्या न्यायालयात सांगितलं की सुरुवातीच्या योजनेत हल्लेखोरांनी निसटायचं होतं, मरेपर्यंत लढायचं हे नंतर ठरलं. ठरवणारे वरचे होते. पुढे कसाबने सर्वोच्च न्यायालयात अपील केलं, राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज केला. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी होण्याआधी तो जगण्यासाठीच धडपडत होता.

म्हणून प्रश्नही वेगळे विचारावे लागतात. मानवी बॉम्बबाबत: निवड कधी झाली आणि माघारीची वाट कशाने बंद केली? पत्र, शेवटचं जेवण किंवा आधीच चित्रित केलेला निरोप, यानंतर मागे फिरणं म्हणजे सगळ्यांसमोर भेकड ठरणं. तरी पुष्कळ जण कचरतात. इस्रायली तुरुंगांतल्या, हल्ला फसलेल्या पॅलेस्टिनींनी आपली भीती आणि चलबिचल मुलाखतींत सांगितली आहे. फिदायीनबाबत: त्याला फोनवरून कोण पक्कं ठेवतंय, आणि तो जिवंत हाती लागेल का?

घोळ सगळ्यात जास्त होतो तो जैश-ए-मोहम्मदबाबत, कारण पाकिस्तानातली ही संघटना दोन्ही प्रकार वापरते. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळात तिचे हल्लेखोर बंदुका घेऊन शिरले, तो फिदायीन हल्ला. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर गाडी घालून ४० जवानांचा जीव घेणारा आदिल अहमद दार हा मानवी बॉम्ब. तो त्याच जिल्ह्यातला, विशीच्या आसपासचा. २०१६ मध्ये शाळेतून येताना जवानांनी त्याला अडवून अपमान केला होता, असं त्याच्या आई-वडिलांनी सांगितलं. तसा अपमान खोऱ्यात अनेकांच्या वाट्याला आला आणि त्यातलं जवळपास कुणीच बॉम्ब झालं नाही. आदिल मार्च २०१८ मध्ये घरातून गेला तो जैशकडे, आणि ज्या रागाचं दुसऱ्या कुणाच्या बाबतीत काहीच झालं नसतं त्याला तिथे गाडी, स्फोटकं आणि चित्रित निरोप मिळाला.