परसबागेतील बटाटा लागवड (मराठवाडा)

घराच्या परसात, विहिरीच्या कडेला किंवा गच्चीवर घरच्या खाण्यापुरता बटाटा पिकवण्याच्या पद्धती. बटाटा (सोलॅनम ट्यूबरोसम) वांगी-टोमॅटोच्या कुळातला, मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीचा; नावासकट तो पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. आपण खातो तो भाग मूळ नाही, जमिनीखाली पसरणाऱ्या खोडाचे फुगलेले टोक आहे. या टोकांना अंधार, गारवा आणि भुसभुशीत माती मिळाली तर ती पोसतात. पद्धत कोणतीही असो, खटाटोप या तीन गोष्टींसाठीच असतो.

पुणे-सातारा पट्ट्यात बटाटा खरिपातही घेतात. मराठवाड्याच्या परसात मात्र हिवाळा हाच भरवशाचा हंगाम. बटाटे धरायला साधारण 15 ते 20 अंश सेल्सिअस तापमान मानवते. रात्री उकाडा राहिला तर झाड नुसते पाल्याने माजते आणि खाली काही सापडत नाही. म्हणून ऑक्टोबर हीट ओसरली की दिवाळीच्या आगेमागे लागवड करावी. 90 ते 110 दिवसांनी, म्हणजे महाशिवरात्रीच्या सुमारास, उपवासाचे बटाटे घरच्या वाफ्यातून निघतात.

बेणे, म्हणजे लावायचा बटाटा, अंड्याएवढे, 40-50 ग्रॅमचे, निरोगी असावे. मोठे बटाटे कापायचे तर प्रत्येक फोडीवर दोन-तीन डोळे ठेवावेत आणि फोडी दोन-तीन दिवस सावलीत पसरून कापाची बाजू सुकू द्यावी. ओली फोड भारी जमिनीत लावली की आठवड्याभरात तिचा लगदा होतो. शीतगृहातून आणलेले बेणे लगेच न लावता दहा-पंधरा दिवस उजेडाच्या पण उन्हाआडच्या जागी ठेवावे; आखूड, जाड, हिरवट-जांभळे कोंब आले की ते तयार झाले. बाजारातला भाजीचा बटाटा लावण्याची रीत सर्रास आहे, पण त्यातून विषाणूरोग वाफ्यात येतात, आणि कोंब येऊ नयेत म्हणून प्रक्रिया केलेला बटाटा उगवतच नाही. कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी, कुफरी पुखराज या परिचित जाती. नावातले कुफरी हे हिमाचल प्रदेशातले गाव. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था त्याच भागात, शिमल्याला आहे. कुफरी सूर्या ही उष्णता सोसणारी जात आपल्या हवेला विशेष जवळची.

सरी-वरंबा ही जुनी, सर्वांना ठाऊक असलेली पद्धत. 45 ते 60 सेंटिमीटरवर सऱ्या पाडून वरंब्यात 15-20 सेंटिमीटर अंतराने, चार बोटे खोल बेणे लावतात. महिन्याभराने खुरपून झाडाच्या बुडाशी मातीची भर देतात. मुरमाड-मध्यम जमिनीत, बालाघाटाच्या उताराकडच्या गावांत, ही पद्धत उत्तम चालते.

खरी अडचण गोदाकाठच्या भारी काळ्या मातीची. ही माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की तडकते. जानेवारीत पाण्याची एखादी पाळी लांबली की वरंब्यावर बोट जाईल एवढी भेग पडते, आणि भेगेत वाकून पाहिले तर आतला बटाटा दिसतो. त्या फटीतून ऊन शिरून तो हिरवा पडतो. हिरव्या भागात सोलॅनिन हे विषारी द्रव्य असते, त्यामुळे असा बटाटा खाऊ नये. त्याच फटीतून बटाट्याचा पतंगही अंडी घालायला आत पोचतो. अशा जागी सरीपेक्षा वीतभर उंच गादीवाफा चांगला. काळ्या मातीत कुजलेले शेणखत आणि थोडी नदीची रेती किंवा पोयटा (गाळाची माती) मिसळावा, माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण हाताला न चिकटणारी, असतानाच काम करावे, आणि भर एकदा न देता दोन-तीनदा द्यावी. उकंड्यावरचे कच्चे खत आणि चुलीची राख मात्र वाफ्यात टाकू नये. आपली माती आधीच विम्लधर्मी (अल्कलीयुक्त). राखेने ती आणखी तशी होते आणि बटाट्याच्या सालीवर खवड्या रोगाचे खरबरीत डाग उठतात.

आच्छादन पद्धतीत बेणे गाडतच नाहीत. ओल्या, मोकळ्या वाफ्यावर ते मांडून वर 15-20 सेंटिमीटर उसाचे पाचट किंवा सोयाबीनचे भुसकट पसरतात. कडबा जनावरांच्या तोंडचा, तो यासाठी कोणी वापरू नये. भेगांचा प्रश्न मिटतो, पाणी कमी लागते, आणि काढणीला कुदळ लागत नाही. पाचट बाजूला सारले की स्वच्छ बटाटे हाताने वेचता येतात. दुष्काळी भागातल्या घरांना ही पद्धत सर्वांत जास्त उपयोगी आहे. दोनच गोष्टींवर लक्ष हवे: थर खचला की वरून भर टाकणे आणि उंदीर-घुशींचा बंदोबस्त.

जागा नसेल तर गोणी. रिकाम्या पोत्याची कड दुमडून तळाला भोके पाडावीत, वीतभर माती-खत भरून दोन-तीन फोडी लावाव्यात आणि झाड वाढेल तशी कड उलगडत माती चढवावी. गोणी उंच भरली की मजल्यामागून मजले बटाटे लागतात असे सांगितले जाते. प्रत्यक्षात बहुतेक बटाटे बेण्याच्या आसपासच धरतात, त्यामुळे दीड-दोन फूट भर पुरे. गच्चीवर दुपारच्या उन्हात पोते तापते, म्हणून ते भिंतीच्या पूर्वेकडच्या बाजूला ठेवावे आणि बोट खुपसून रोज ओल पाहावी.

पाला पिवळा पडू लागला की आठ-दहा दिवस पाणी तोडावे. एक बटाटा उकरून अंगठ्याने चोळावा. साल सुटली तर अजून थांबावे, सुटली नाही तर वाफा काढणीला आला. काढलेले बटाटे न धुता, अंधाऱ्या आणि हवेशीर कोपऱ्यात पसरून ठेवतात.