भर उन्हाळ्यात झोपणारं ॲनिमोन

ॲनिमोनच्या कंदांचं पाकीट पहिल्यांदा उघडणाऱ्याला आपण फसलो असंच वाटतं. आत काळपट, वेडेवाकडे, टणक तुकडे असतात. त्यांच्यापेक्षा डब्याच्या तळाशी राहिलेली जुनी सुंठ बरी दिसते. वरची बाजू कुठली, खालची कुठली, याचाही पत्ता लागत नाही. पाकिटावरच्या चित्रात मात्र मध्यभागी काळाभोर गोंडा असलेलं लालभडक फूल असतं.

कंद मेलेला नसतो, झोपलेला असतो. तो का झोपतो हे एकदा कळलं की या झाडाच्या संगोपनाचे बहुतेक नियम आपोआप सुचतात.

बाजारात मिळतं ते मुख्यतः ॲनिमोन कोरोनारिया. तुर्कस्तान, ग्रीस, लेबनॉन, इस्रायल हा त्याचा मूळ पट्टा. भूमध्य समुद्राच्या या किनाऱ्यांवर पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. झाडानं वर्षाची आखणी त्यानुसार केली आहे. पहिल्या पावसाबरोबर कोथिंबिरीसारखी चिरलेली पानं वर येतात, हिवाळ्यात नाहीतर वसंतात फुलं येतात आणि उन्हं तापली की सगळा साठा कंदात ओढून घेऊन जमिनीवरचा भाग वाळून जातो. दिवस लांबणं आणि तापमान चढणं या दोन खुणांवरून झाड झोपेची वेळ ओळखतं. आपण पाणी घालत राहिलो म्हणून ते जागं राहत नाही.

इस्रायलमध्ये नेगेव वाळवंटाच्या उत्तर भागात जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत माळच्या माळ या फुलांनी लाल होतात. 2013 मध्ये लोकांच्या मतदानातून ते तिथलं राष्ट्रीय फूल ठरलं. कोकणातून गेलेली बेने इस्रायली ज्यू कुटुंबं बेअरशेबा, दिमोना अशा त्याच बाजूच्या गावांत स्थिरावली. त्यांना हे फूल पाकिटातून मागवावं लागत नाही.

आपल्याकडची अडचण थंडी कमी असण्यापुरती नाही. ॲनिमोनचा कंद झोपतो नेमक्या त्याच महिन्यांत आपला पाऊस कोसळतो. जून ते सप्टेंबर ओल्या मातीत पडलेला कंद कुजणार, हे धरूनच चालावं. त्यामुळे महाराष्ट्रात ॲनिमोन लावायचं तर ते फक्त हिवाळ्याचं पीक म्हणून. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरकडे जिथे रात्री चांगल्या गार होतात तिथे प्रयोग करावा. मुंबईत आणि किनारपट्टीवर माझ्या मते ते पैसे झेंडू-शेवंतीवर घालवलेले बरे.

लागवडीआधी कंद साध्या पाण्यात तीन-चार तास भिजवायचे. तेवढ्यात ते पाणी पिऊन टम्म फुगतात. रात्रभर मात्र ठेवू नयेत. पाण्यात बुडालेल्या कंदाला हवा मिळत नाही आणि कूज तिथूनच सुरू होते. फुगल्यावर निमुळतं टोक कुठलं ते सहसा कळतं, ते खाली ठेवायचं. नाहीच कळलं तर कंद आडवा ठेवा. कोंबाला गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते, तो वळून वर येतो.

खोली साधारण 5 सेंटिमीटर, दोन कंदांत 10 ते 15 सेंटिमीटर अंतर. माती भुसभुशीत हवी. काळी चिकण माती असेल तर वाळू आणि कुजलेलं खत मिसळून उंच वाफा करा, नाहीतर सरळ कुंडी वापरा. सकाळचं ऊन भरपूर आणि दुपारी थोडी सावली अशी जागा सर्वांत चांगली. पहिलं पाणी नीट द्यायचं आणि कोंब दिसेपर्यंत हात आखडता घ्यायचा. सगळ्यात जास्त कंद याच दिवसांत, रोज मायेनं पाणी घातल्यामुळे मरतात.

वेळ हा खरा कळीचा मुद्दा. लागवडीपासून फुलापर्यंत तीन महिने किंवा जास्तच लागतात आणि मार्चमध्ये आपल्याकडे उन्हाळा दारात उभा असतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात लावलं तर तापलेल्या मातीत कंद उठत नाही, डिसेंबर उजाडू दिला तर फुलं येण्याआधीच झोपेची वेळ होते. फुलांचा व्यवसाय करणारे यावर एक युक्ती वापरतात, ती घरीही जमते. भिजवलेले कंद जेमतेम ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) घालून फ्रिजच्या खालच्या, भाजीच्या कप्प्यात दोनेक आठवडे ठेवायचे. बुरशी धरलेला कंद दिसला की लगेच काढून टाकायचा. पांढरी मुळं डोकावली की दिवाळीच्या आसपास, रात्री गार झाल्यावर, बाहेर लावायचे.

फूल आलं की ते जवळून बघा. रंगीत दिसतात त्या पाकळ्या नाहीत. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं पाकळ्या या फुलाला नसतातच, निदलांनीच, म्हणजे एरवी कळी झाकणाऱ्या बाहेरच्या दलांनीच, त्यांचं काम अंगावर घेतलं आहे. मधली काळी घुमटी स्त्रीकेसरांची, तिच्याभोवती गडद पुंकेसरांचं कडं. आधी स्त्रीकेसर तयार होतात, परागकण मागाहून सुटतात. संध्याकाळी फूल मिटतं, सकाळी उघडतं. मध नसतोच, पाहुण्याला मिळतात ते फक्त परागकण.

लाल रंगाचं कोडं तर फार छान आहे. मधमाश्यांना लाल रंग नीट दिसत नाही, मग एवढा लाल कुणासाठी? पूर्व भूमध्य भागात या फुलावर ग्लॅफिरिडी कुळातले केसाळ भुंगेरे येतात आणि त्यांना लाल दिसतो. इस्रायलमधल्या संशोधकांनी रानात लाल प्लास्टिकचे, कसलाही वास नसलेले पेले मांडून पाहिले, तर भुंगेरे त्यांतही येऊन पडले. त्याच मुलखातल्या खसखशीच्या कुळातल्या आणि ट्यूलिपच्या काही फुलांनी हाच लाल वाडग्यासारखा आकार स्वतंत्रपणे गाठला आहे.

ॲनिमोनची आपल्याकडची भावंडं सह्याद्रीत आहेत. पावसाळा सरताना पांढऱ्या फुलांनी लगडणारी मोरवेल याच कुळातली. तिच्याही फुलाला पाकळ्या नसतात आणि बियांना वाऱ्यावर उडायला पिसं असतात. कुळातला आणखी एक गुण दोघींत आहे: पान किंवा देठ चुरडलं की त्यातून प्रोटोॲनिमोनिन नावाचं दाहक द्रव्य तयार होतं. त्वचेवर त्याचे फोड येऊ शकतात. फुलं कापताना हातमोजे घालावेत, घरात झाडांची पानं चावणारं मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवावी. पाला वाळला की हे द्रव्य बदलून निरुपद्रवी होतं.

ॲनिमोनचं बी कापसासारख्या लवेत गुंडाळलेलं असतं. फ्रान्समध्ये यावरून एक गोष्ट सांगतात. सतराव्या शतकात बाशेलिए नावाच्या पॅरिसच्या एका बागवानानं आपली ॲनिमोनं वर्षानुवर्षं कुणालाही दिली नाहीत. शेवटी एक सरकारी अधिकारी लांब लोकरी झगा घालून बाग बघायला गेला. पिकलेल्या बोंडांपाशी त्याच्या नोकरानं झग्याचा घोळ मुद्दाम झाडांवरून जाऊ दिला. बी झग्याला चिकटलं आणि दोघं निरोप घेऊन निघाले. गोष्ट खरी असो नसो, चोरीची पद्धत वनस्पतिशास्त्राला धरून आहे.

रोगांत तांबेऱ्याकडे लक्ष द्या. ॲनिमोनवर येणारी तांबेऱ्याची एक बुरशी आयुष्याचा अर्धा भाग ॲनिमोनवर आणि अर्धा पीच, बदाम, आलुबुखार यांच्यावर काढते. आपल्या पठारावर ही झाडं फारशी नसल्यानं हा त्रास कमी. हिमाचलात किंवा परदेशात फळबागेशेजारी वाफा करणाऱ्यानं मात्र जागा बदलावी.

एप्रिलमध्ये पानं पिवळी पडू लागली की पाणी थांबवा, पण पानं हिरवी असताना कापू नका. कंद तेव्हाच भरत असतो. सगळं वाळल्यावर कंद उकरून, माती झटकून, सावलीत सुकवून कागदी पिशवीत ठेवायचे आणि वळवाच्या आधी हे काम उरकायचं. आपला हिवाळा तोकडा असल्यानं कंद फारसे पोसले जात नाहीत, त्यामुळे पुढच्या वर्षी निम्मे उठले तरी चांगलं समजावं आणि थोडे नवे मागवून ठेवावेत.