पक्षाघात आणि मेंदूचे प्रतिमाचित्रण

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली किंवा फुटली की पक्षाघात (लकवा, स्ट्रोक) होतो. दोन्हींत तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे जड. नुसते बघून फरक सांगता येत नाही. उपचार मात्र उलटे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन रक्तस्राव झालेल्याला दिले तर जिवावर बेतते, म्हणून आधी स्कॅन.

ब्रिटिश अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १९७१ मध्ये विंबल्डन येथे पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. सीटीवर ताजे रक्त लगेच पांढरे दिसते. गुठळीमुळे उपाशी पडलेला भाग मात्र पहिले काही तास निरोगी भागासारखाच दिसू शकतो. ‘सीटी नॉर्मल आला’ ऐकून नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. खरे तर त्याचा अर्थ बहुधा एवढाच, की रक्तस्राव नाही.

रक्तपुरवठा तुटला की पेशीतले सोडियम बाहेर टाकणारे पंप थांबतात, पाणी आत शिरून पेशी फुगते आणि पाण्याच्या रेणूंची हालचाल आखडते. डिफ्यूजन एमआरआय हीच हालचाल टिपतो. बाधित भाग काही मिनिटांतच पांढरा उजळतो. फ्लेअर या एमआरआयच्याच दुसऱ्या प्रकारच्या चित्रात तोच डाग उमटायला काही तास लागतात. पहिल्यात डाग आहे, दुसऱ्यात नाही, म्हणजे झटका बहुधा साडेचार तासांच्या आतला. रात्री धडधाकट झोपलेला माणूस पहाटे लुळा हात घेऊन उठतो, तेव्हा घड्याळाचे काम ही दोन चित्रे करतात.

मेलेल्या गाभ्याभोवती काम थांबलेल्या पण जिवंत पेशींचा पट्टा असतो. त्याला ग्रहणातला शब्द मिळाला आहे: पेनम्ब्रा, म्हणजे उपच्छाया. रक्तप्रवाहाच्या चित्रणातून तिचा अंदाज येतो. ती शिल्लक असलेल्या निवडक रुग्णांत मोठ्या वाहिनीतली गुठळी २४ तासांपर्यंतही काढणे फायद्याचे ठरते, हे २०१८ च्या सुमारास चाचण्यांतून दिसले.

डागाच्या आकारावरून अपंगत्व मोजू नये. इंटर्नल कॅप्सूल या मेंदूच्या खोलातल्या अरुंद पट्ट्यामध्ये हालचालीचे तंतू दाटीने जातात. तिथला वाटाण्याएवढा डाग अख्खी बाजू लुळी करू शकतो. इतरत्र त्याहून मोठा डाग कधी लक्षातही येत नाही.

१८६१ मध्ये पॅरिसचे शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या दोन रुग्णांचे मेंदू तपासून बोलण्याची जागा डाव्या कपाळामागे दाखवली. त्यांतले वृद्ध लेलाँ यांच्याकडे पक्षाघातानंतर जेमतेम पाच शब्द उरले होते. ब्रोका यांनी दोन्ही मेंदू न चिरता जपले. २००७ मध्ये त्या मेंदूंच्या एमआरआयचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: इजा वरून दिसली त्यापेक्षा खोल, मेंदूचे पुढचे-मागचे भाग जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली होती.