तव्यावर राहिलेला हात

तव्याचा चटका बसला नाही असा सैपाकी सापडायचा नाही. बोट टेकतं, हात झटकन मागे येतो, दुसऱ्या दिवशी आठवतही नाही. मिरगी, म्हणजे अपस्मार, असलेल्या माणसाचा हात त्याच तव्यावर भाजतो तेव्हा मात्र जखम पुष्कळदा कातडीच्या सगळ्या थरांतून आत गेलेली असते. ती भरायला मांडीची त्वचा काढून लावावी लागते. तवा तेवढाच तापलेला असतो, पण हात त्यावर जास्त वेळ राहिलेला असतो.

हा वेळ मोजला गेला आहे. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी दाखवलं की ४४ अंश सेल्सिअसला कातडी भाजायला जवळजवळ ६ तास लागतात. पुढे काही अंशांपर्यंत दर अंशामागे हा वेळ साधारण निम्मा होत जातो. ६० अंशांच्या पाण्याला मोठ्या माणसाची त्वचा खोलवर भाजायला ५ सेकंद पुरतात, ७० अंशांना एकच. तळणीचं तेल १८० अंशांच्या आसपास असतं, तवा त्याहून तापलेला. हातपाय झाडणारा मोठा झटका चालतो एक ते तीन मिनिटं, आणि नंतरची गुंगी वेगळीच.

चटका बसला की हात मागे ओढण्याचा हुकूम पाठीच्या कण्यातूनच सुटतो, मेंदूला दुखणं नंतर कळतं. पण ती ओढ क्षणभराचीच. विस्तवापासून सरकणं, पेटलेला पदर सोडवणं, ओरडून कुणाला बोलावणं ही सगळी मेंदूची कामं, आणि झटक्यात नेमका तोच कामावर नसतो. मोठ्या झटक्यात तर स्नायू आधीच ताठ झालेले असतात, कण्याचा हुकूम ऐकायला मोकळे नसतात.

मोठा झटका निदान ओळखू तरी येतो. फसवा असतो तो मेंदूच्या एका भागातून उठणारा. माणूस पडत नाही. गॅसपुढे उभाच राहतो, नजर शून्यात, ओठ चघळल्यासारखे हलतात, हात पदराशी चाळा करतो किंवा समोर येईल ते धरतो. समोर सराट्याची, म्हणजे उलथन्याची, मूठ येईल नाहीतर गरम गंजाचा, म्हणजे पातेल्याचा, काठ. दीड-दोन मिनिटांनी भानावर आल्यावर त्याला काहीच आठवत नाही, आणि घरचे म्हणतात, वेंधळीच आहे. ‘कसं भाजलं ते सांगता येत नाही’ असं दोनदा झालं, तर मलम लावून थांबू नये, मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावं. तिसरा प्रकार सकाळचा, बहुधा तरुण वयात सुरू होणारा: जाग आल्यावर तासा-दोन तासांत हाताला हिसके बसतात आणि चहाचा कप उडून जातो. जागरणानंतर हे वाढतं. विचारल्याशिवाय हे कुणी सांगत नाही, म्हणून आपणहून सांगावं. कारण या प्रकारात कार्बामाझेपिनसारख्या मिरगीच्या नेहमीच्या गोळ्यांनी हिसके उलट वाढू शकतात.

घरात पहिला तोडगा निघतो तो ‘हिला चुलीजवळ जाऊ देऊ नका’ हा. चार दिवस पाळला जातो. पाचव्या दिवशी दुपारी ती घरात एकटी असते आणि भूक लागलेली असते. बंदीपेक्षा ओटा बदलणं जास्त टिकतं. परदेशी पत्रकांत ‘मागचा बर्नर वापरा’ असं लिहिलेलं असतं; आपल्या दोन बर्नरच्या शेगडीला मागचा बर्नर नसतोच. दोन फुटी ओट्यावर शेगडी भिंतीकडे सरकवली, तर पुढे आठ-नऊ इंच मोकळी जागा मिळते. मागे रबरी नळी दबत नाही एवढं पाहावं. कढईचे कान आणि तव्याची मूठ आतल्या बाजूला. इंडक्शन शेगडी त्याहून बरी: ज्वाळाच नसल्याने पदर पेटत नाही आणि भांडं उचललं की ती थांबते. सांडलेला रस्सा मात्र तितकाच भाजतो. ओटा कमरेइतका असला तर कोसळणारा माणूस सहसा ज्वाळेच्या खाली पडतो. जमिनीवरच्या चुलीपुढे बसलेला थेट निखाऱ्यात जातो. चूल वापरायचीच असेल तर पुढे विटांचा कठडा हवा.

गरम गंज ताटांपर्यंत नेऊ नये, ताटं गंजापाशी आणावीत. सावजी रस्स्याबाबत हे जास्तच खरं. वरचा तर्रीचा, म्हणजे तेलाचा, थर पाण्याची वाफ अडवतो, त्यामुळे वाफ दिसत नाही, रस्सा निवल्यासारखा वाटतो आणि खाली तापलेलाच असतो. सांभारवडी, वडे यांची तळणी घरात दुसरं कुणी असतानाच काढावी. अंगात सुती कपडे हवेत. नायलॉन, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं.

न्हाणीघरात स्टुलावर बसून आंघोळ, बादलीत आधी गार पाणी आणि मग गरम, आतून कडी नाही. थंडीत शेकोटीशी हाताच्या अंतरावर बसू नये.

नागपूरच्या मे महिन्यात मात्र आगीशिवायही भाजतं. हवा ४५ अंशांवर गेली की उन्हातलं डांबर ६० च्या पुढे तापतं, आणि त्या रस्त्यावर झटका येऊन पडलेल्या माणसाचा गाल, कोपर, दंड मिनिटा-दोन मिनिटांत भाजतो. सिमेंटचा रस्ता थोडा कमी तापतो, फार नाही. अशा वेळी कांदा, चप्पल हुंगवत बसण्याआधी माणसाला सावलीत ओढावं, निदान अंगाखाली जाड दुपट्टा सरकवावा. मग कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये. झटका ५ मिनिटांच्या पुढे गेला तर १०८ ला फोन.

भाजलं असेल तर वाहतं गार पाणी, २० मिनिटं. पहिल्या ३ तासांत केव्हाही ओतलं तरी उपयोग होतो. पण उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणीच चटका देतं. ते वाहू द्यावं आणि तोवर माठातलं, रांजणातलं वापरावं. मिनिटाला २ लिटर धरले तर ४० लिटर लागतात, म्हणजे दोन बादल्या. माठ पुरत नाही, सावलीतला ड्रम लागतो. बर्फ, टूथपेस्ट, हळद नको. सूज चढण्याआधी बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढावीत. चिकटलेलं कापड ओढू नये. रुग्णाचा बोटांसकट तळहात म्हणजे अंगाचा सुमारे १ टक्का. दहा तळहातांहून जास्त भाजलं, किंवा चेहरा, हात, पाय भाजले, तर मेडिकल, मेयो ही नागपूरची सरकारी रुग्णालयं, जे जवळ असेल ते गाठावं. पांढरी, चामड्यासारखी, न दुखणारी जखम सर्वांत खोल असते, तिथल्या नसाच जळालेल्या असतात. गुंगीतला माणूस तक्रार करत नाही, म्हणून पाठ आणि काखही तपासावी.

या अपघातांची मुळं पुष्कळदा चुकलेल्या गोळ्यांत असतात. नीट औषध मिळालं तर दहापैकी सात जणांचे झटके थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरीही नव्या सुनेच्या गोळ्या पर्समध्येच राहतात, कारण लग्नात दुखणं लपवलेलं असतं. हिंदू विवाह कायद्यातला अपस्माराचा अडसर १९९९ साली काढला गेला. घराघरांतला अजून तसाच आहे.

दवाखान्यात पोचल्यावर मिरगी आहे हे पहिल्या वाक्यात सांगावं आणि गोळ्यांची पट्टी दाखवावी. वेदनेसाठी सहज दिलं जाणारं ट्रामाडोल झटका आणू शकतं, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही प्रतिजैविकंही. तोंडाने गिळता येत नसेल तर मिरगीचं औषध सलाईनमधून चालू ठेवायला सांगावं, ते बंद पडता कामा नये. मोठ्या भाजण्यात रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घटतं. फेनिटॉइन हे मिरगीचं औषध याच प्रथिनाला चिकटून फिरत असतं, त्यामुळे तपासणीत त्याची एकूण पातळी कमी दिसते आणि मोकळं औषध प्रत्यक्षात पुरेसं असतं. तो आकडा बघून डोस वाढवला तर रुग्ण झोकांड्या खाऊ लागतो.