नेमबाजी शिकायला आधी लायसन्स लागतं का?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात बंदूक म्हटलं की डुकरांपासून शेती राखायची ठासणीची बंदूक, तिचा परवाना आणि निवडणूक आली की ती पोलिसांकडे जमा करणं, एवढंच डोळ्यांसमोर येतं. म्हणूनच 'पिस्तूल शिकायचंय? आधी कलेक्टर कचेरीत खेटे घाला' हा समज घरोघरी पक्का बसलाय. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी कितीतरी मुली-मुलगे सुरुवातच करत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

नवशिका सुरुवात करतो ती एअर पिस्तुलाने. त्यात दारू नसते. दाबलेली हवा ४.५ मिलिमीटरचा, कंबरेत चिमटलेला शिशाचा छर्रा ढकलते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर गनला परवाना लागत नाही. मनू भाकरने २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं ते याच एअर पिस्तुलाच्या प्रकारात, ज्यात निशाण १० मीटरवर असतं. निशाणाच्या मधलं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, करवंदाहूनही लहान!

परवाना लागतो तो पुढे, स्वतःचं पॉइंट टू-टूचं, म्हणजे ०.२२ इंची, दारूच्या काडतुसाचं पिस्तूल घेताना. मात्र एअर पिस्तूलही खेळणं नव्हे. माणसावर, जनावरावर कधीच रोखू नका आणि पहिले धडे प्रशिक्षकासमोरच घ्या.