दोन्हींवर १५० छापलंय, पण गाडीची बॅटरी वेगळी आणि घराची वेगळी

बेळगावात बॅटरीच्या कुठल्याही दुकानात जा, दोन काळे डबे शेजारी शेजारी दिसतील. दोन्ही १२ व्होल्टचे, दोन्हींवर १५० एएच, म्हणजे अँपिअर-तास, छापलेलं. त्यातला एक ट्रक-टिप्परला जातो, दुसरा घरोघरी इन्व्हर्टरखाली बसतो. गाडीतच संसार थाटून मुलाबाळांसह बारा महिने राहायचं ठरवलेल्या कुटुंबाला या दोन्ही जाती लागतात: एक इंजिन सुरू करायला, दुसरी घर चालवायला. 'आकडा सारखाच, मग एकच मोठी घेऊ आणि दोन्ही कामं तिच्यावरच भागवू' इथे पहिली चूक होते. या चुकीची किंमत पहाटे कळते, गाडी आडरानात उभी असताना आणि मुलं आत झोपलेली असताना.

सौंदत्तीच्या यात्रेला ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन मुक्कामाला जाणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. रात्रभर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर बल्ब आणि टेप चालला की सकाळी चार माणसांनी ढकलल्याशिवाय इंजिन उठत नाही. यात्रा दोन-तीन दिवसांची असते, त्यामुळे निभावतं. फिरत्या घरात मात्र रोजच रात्र असते.

इंजिन सुरू करायला वीज किती लागते, याचा हिशेब आधी करू. डिझेल गाडीचा स्टार्टर साधारण ३०० अँपिअर ओढतो, पण जेमतेम तीन सेकंद. म्हणजे पाव एएच. दीडशेच्या बॅटरीतून पाव! त्या बॅटरीचं खरं कौशल्य साठ्यात नाही, एका दमात ३०० अँपिअर सोडण्यात आहे. त्यासाठी तिच्या आत पातळ आणि पुष्कळ प्लेटा असतात. आम्लाला भिडणारं क्षेत्रफळ जितकं जास्त, तितका झटका मोठा. काम झालं की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरणारा जनरेटर, ते पाव एएच काही मिनिटांत भरून देतो आणि बॅटरी पुन्हा भरलेलीच राहते. तिचं आयुष्य असंच, कायम भरलेलं, जायला हवं.

इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीत धन प्लेट म्हणजे शिशाच्या काड्यांची रांग असते. प्रत्येक काडीवर कापडी नळी, आणि नळीत दाबून भरलेला सक्रिय माल. बॅटरी निम्मी-अर्धी रिकामी झाली तरी तो माल नळीतच राहतो. पातळ प्लेटेवरचा माल मात्र खोल डिस्चार्जला सुटतो आणि तळाशी गाळ होऊन बसतो. वर रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि चार्जर लावूनही ती पूर्ण भरत नाही. म्हणून ट्रकची बॅटरी रोज रात्री निम्म्यावर आणली तर काही महिन्यांत बसते. ट्यूब्युलर हेच काम हजारभर वेळा करते.

उलटंही चालत नाही. ट्यूब्युलरवर स्टार्टर मारला तर तिचा अंतर्गत विरोध जास्त असल्याने व्होल्टेज धाडकन पडतं आणि सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरचा स्विच, नुसता कट-कट करतो. लिथियमची घराची बॅटरी लावली तर तिच्यातलं संरक्षक सर्किट, म्हणजे बीएमएस, बहुधा १०० अँपिअरच्या आसपास हात वर करतं. तीनशेची मागणी आली की सगळंच बंद.

दुकानात ओळखायचं कसं? लेबल वाचा. गाडीच्या बॅटरीवर एएचच्या जोडीला बहुधा सीसीए असतो, म्हणजे थंडीत एका दमात किती अँपिअर देईल तो आकडा. घराच्या बॅटरीवर सी२० किंवा सी१० लिहिलेलं असतं. १५० एएच सी२० म्हणजे साडेसात अँपिअरने वीस तास. १५० एएच सी१० म्हणजे पंधरा अँपिअरने दहा तास. त्यामुळे सी१० ची दीडशे ही सी२० च्या दीडशेपेक्षा दमदार असते. भाव करताना हे नक्की विचारा.

आता घराचा रोजचा खर्च. चार माणसांचं कुटुंब, स्वयंपाक गॅसवर, एसी नाही. १२ व्होल्टचे दोन पंखे, २५ वॅटचे, दहा-दहा तास: ५०० वॅट-तास. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज उन्हाळ्यात ६०० च्या आसपास. पाच वॅटचे सहा दिवे पाच तास: १५०. लॅपटॉप चार तास: २००. फोन आणि मुलांचा टॅब ६०, पाण्याचा पंप ३०, मिक्सर पाच-सहा मिनिटं ५०. बेरीज १५९०. इन्व्हर्टरची आणि वायरिंगची गळती धरून रोज सुमारे १४५ एएच.

एका १५० च्या ट्यूब्युलरमध्ये १८०० वॅट-तास असतात, पण टिकवायची तर निम्मेच वापरायचे. म्हणजे हातात ९००. या घराला एका दिवसासाठीच दोन ट्यूब्युलर लागतात आणि दोन्हींचं वजन शंभर किलोच्या वर जातं. लिथियम फॉस्फेटची २०० एएच बॅटरी ८० टक्के वापरली तरी दोन हजार वॅट-तास देते आणि वजन साधारण पंचवीस किलो. पैसे सुरुवातीला जास्त जातात, हे खरं. तरीही मुलं ज्या डब्यात झोपतात त्यात लिथियमच ठेवावी, असं आमचं ठाम मत आहे, आणि त्याचं कारण वजन नाही.

कारण आहे हायड्रोजन. ट्यूब्युलरसारखी पाण्याची बॅटरी चार्ज होताना, विशेषतः शेवटच्या टप्प्यात, हायड्रोजन सोडते. बंद जागेत हवेच्या चार टक्के झाला की एक ठिणगी पुरते. घरातला इन्व्हर्टर जिन्याखाली, मोकळ्या हवेत असतो, त्यामुळे आपल्याला त्याची सवय नाही. गाडीत तीच बॅटरी बेडखाली जाते आणि खिडक्या डासांसाठी लावलेल्या असतात. त्यात चोर्ला घाटाच्या वळणांवर उंच ट्यूब्युलर डोलते, झाकणातून आम्ल पाझरतं आणि पत्रा खालून खातं. ट्यूब्युलरच ठेवायची असेल तर तिला बंद झाकणाची पेटी हवी. त्या पेटीच्या वरच्या बाजूने गाडीबाहेर निघणारी नळी हवी आणि बॅटरीला पट्टा हवा. लिथियमला पट्टा हवाच, पेटी आणि नळी लागत नाही, पण तिला ऊन चालत नाही. अथणी-कागवाडकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या बंद कप्प्यात त्याहून वर जातो. बऱ्याच लिथियम बॅटऱ्यांचं चार्जिंग ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान कुठेतरी थांबतं. सायलेन्सरच्या वरचा कप्पा तिच्यासाठी नको.

दोन्ही बॅटऱ्या एकाच गाडीत आल्या की जोडणीचा प्रश्न येतो. दोन्हींच्या ऋण तारा चेसिसला, एकत्र. धन तारा कायम वेगळ्या. घराच्या धन तारेवर दर वीतभर अंतरावर पिवळी टेप गुंडाळा. पुढे कुठल्याही गॅरेजात नव्या इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडलं तरी कुठली लाल तार कुणाची, हे त्याला विचारावं लागणार नाही.

दोन धन तारा थेट एकमेकींना जोडून 'गाडी चालली की दोन्ही भरतील' असा जुगाड सर्रास होतो. शिशाच्या जोडीला तो काही काळ चालतो. लिथियम अशी जोडली तर अल्टरनेटर जळतो. लिथियमचा विरोध इतका कमी असतो की ती अल्टरनेटरकडून मिळेल तेवढं सगळं ओढते. इंजिन आयडलला असताना अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो, वारा नाही, आणि वाइंडिंग तापून काळं पडतं. बॅटरी भरल्यावर बीएमएसने मध्येच तोडलं तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड उडतात, ते निराळंच.

मधे डीसी-डीसी चार्जर, म्हणजे गाडीच्या विजेवरून घराची बॅटरी ठरावीक अँपिअरनेच भरणारा डबा, घालणं हा खरा उपाय. ३० अँपिअरचा पुरतो. दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभरात, ५० ते ६० अँपिअरचा फ्यूज. तार १६ चौरस मिमी. बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर स्वतःच व्होल्टेज खाली-वर करतो, म्हणून चार्जरला इग्निशनची तार देऊन 'इंजिन चालू आहे' हे सांगावं लागतं. साधा व्होल्टेज पाहून जोडणारा रिले इथे फसतो. घराच्या बॅटरीपासून १००० वॅटच्या इन्व्हर्टरपर्यंत ३५ चौरस मिमीची तार, लांबी दीड मीटरच्या आत, फ्यूज १२५ अँपिअर. लिथियमवर तो क्लास टी जातीचा, म्हणजे शॉर्ट झाल्यावरचा प्रचंड करंटही तोडू शकणारा, असावा. इंडक्शन शेगडीचा मोह आवरा. दोन हजार वॅट म्हणजे इन्व्हर्टरची गळती धरून १२ व्होल्टवर १८० अँपिअरहून जास्त, आणि तेवढ्याला वरचं काहीच पुरत नाही.

डीसी-डीसीने एक तास गाडी चालवली की ३० एएच येतात. रोजचे १४५ भरायला पाच तास चालवावं लागेल. मुलांची शाळा बेळगावात असेल तर गाडी दिवसेंदिवस जागेवरून हलतही नाही. त्यामुळे घराची बॅटरी भरायचा भार सूर्यावर आणि भिंतीवरच्या प्लगवर पडतो. छपरावर ४०० वॅटचं पॅनल असेल तर चिक्कोडी-अथणीच्या उन्हाळ्यात दिवसाला सोळाशेच्या आसपास वॅट-तास मिळतात, म्हणजे जेमतेम तोंडमिळवणी. गाळपाच्या हंगामात साखर कारखान्याजवळ मुक्काम असेल तर पॅनलवर राख बसते, ती दर दोन दिवसांनी पुसावी लागते. जांबोटी-कणकुंबीकडे तरण्या आणि म्हाताऱ्या पावसात तेच पॅनल चार-पाचशेवर येतं. तिथे त्या महिन्यांत पॅनलच्या भरवशावर राहू नका.

मग लाईट घ्यायची. १६ अँपिअरचा सॉकेट, अडीच चौरस मिमीची तीन तारांची केबल आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच लाईट तोडणारा स्विच. अर्थिंग खरंच आहे का, हे आधी मल्टिमीटरने पाहा. गाडी रबरी टायरांवर उभी असते. अर्थिंग नसताना फॉल्ट आला तर पत्र्यात करंट उतरतो आणि चिखलातून येऊन दाराच्या कडीला हात लावणारं पोर त्याची वाट पूर्ण करतं. खेड्यात संध्याकाळी पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज १८० च्या खाली येतं, म्हणून चार्जर कमी व्होल्टेजवरही चालणारा घ्या. ३० अँपिअरचा चार्जर लिथियमला पाच तासांत दिवसाचा खर्च परत देतो. दीडशेच्या ट्यूब्युलरला १५ ते २० अँपिअरच द्यायचे आणि तिचे शेवटचे वीस टक्के फार सावकाश भरतात.

इकडे गाडीची बॅटरी उभ्या गाडीत गुपचूप उतरत असते. ट्रॅकर, ईसीयू (इंजिनचा संगणक), म्युझिक सिस्टीम मिळून ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ एएच. ७० ची बॅटरी महिन्यात निम्मी होते. पाच मिनिटं इंजिन घरघरवून ती भरत नाही. पंधरा दिवसांनी अर्धा तास तरी रस्त्यावर चालवा, नाहीतर सोलरवरून तिला एक-दोन अँपिअरची बारीक धार द्या.

आणि तरीही एखाद्या सकाळी ती मेलेली निघाली तर लिथियमवरून थेट जंपर लावू नका. दहा अँपिअरचा साधा लेड-अ‍ॅसिड चार्जर गाडीत ठेवा, घराच्या इन्व्हर्टरवर चालवा आणि तो गाडीच्या बॅटरीला लावा. तासाभरात दहाच्या जवळपास एएच जातात. इंजिनला पावच लागतं.

इलेक्ट्रिशियनला पैसे देण्यापूर्वी एक तपासणी करून घ्या. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी मल्टिमीटर घ्या. शिशाची बॅटरी भरलेली असेल तर १२.७ दाखवेल, निम्मी असेल तर १२.२, रिकामी असेल तर ११.८. लिथियमचं व्होल्टेज मात्र १३ च्या आसपास सपाट राहतं, तिच्यासाठी शंटवाला मीटर, म्हणजे आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजणारा, हवा. गाडीच्या बॅटरीचा आकडा लिहून ठेवा. इंजिन बंद ठेवून दोन्ही पंखे, फ्रिज आणि सगळे दिवे दोन तास चालू ठेवा. पुन्हा मोजा. गाडीच्या बॅटरीचा आकडा होता तिथेच असला पाहिजे. मग घराच्या बॅटरीचा मेन स्विच बंद करून हेडलाइट लावा. आत अंधार, बाहेर उजेड, असंच दिसायला हवं. आतला एखादा दिवा जरी मिणमिणला, तरी कुठली तरी धन तार चुकीच्या ठिकाणी गेली आहे. ती सापडेपर्यंत गाडी ताब्यात घेऊ नका.